सोबत्याच्या हाती लाल पेन नको

१९८८ साली महाविद्यालयात दिलेला माझा पहिला निबंध परत आला, तेव्हा त्यावर लाल शाईत दोनच शब्द होते : 'पुन्हा लिहा'. काय पुन्हा लिहायचे, हे सरांना विचारण्याचे धाडस माझ्यात नव्हते. संध्याकाळी अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या वर्गमित्राने ते कागद मागून घेतले, चौल येईपर्यंत वाचले आणि विचारले, "यात तुझं म्हणणं कुठं आहे रे?" मी शेवटच्या पानावर बोट ठेवले. "मग आधीची तीन पानं कोणासाठी?" त्याचे मराठी माझ्याहून काही बरे नव्हते, शुद्धलेखनात तर तो माझ्याही पुढचा अपराधी. पण तो एक प्रश्न मला पुढे पस्तीस वर्षे पुरला. पदवी राहून गेली, लिहिणे राहिले नाही.

त्या मित्राने एसटीत जे केले, त्याला आज अनेक देशांतल्या महाविद्यालयांत रीतसर जागा आहे. लिहिण्यात अडलेल्या विद्यार्थ्याला दुसरा विद्यार्थीच मदत करतो. त्याला 'पीअर ट्यूटर' म्हणतात. आपण लेखनसोबती म्हणू. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली प्रवेशाच्या अटी सैल केल्या आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी हजारो मुले आत आली. त्यांच्यासाठी मदतीची सोय झाली, पण मुले तिकडे फिरकेनात. ब्रुकलिन कॉलेजातले प्राध्यापक केनेथ ब्रफी यांना उमगले ते असे, की ही मदत मुलांना वर्गाचेच शेपूट वाटत होती. म्हणून त्यांनी मदतनीस म्हणून विद्यार्थीच बसवले. १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी यामागचा विचार मांडला : लिहिणे म्हणजे माणसांशी चाललेले बोलणेच, कागदावर आणलेले. ज्याला आपल्या बरोबरीच्याशी विषयावर बोलता येते, त्याला लिहिण्याची वाट सापडू लागते.

इथे आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. सोबती म्हणजे शुद्धलेखन तपासणारा, किंवा मॉनिटर. मॉनिटरची कल्पना जुनी, आणि तिचा एक धागा आपल्याच देशातला. मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथल्या गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत फिरून मुंबई इलाख्यातही आली. पण मॉनिटर हा मास्तरांचा लांबवलेला हात. त्याला उत्तर ठाऊक असते आणि ते तो घोकून घेतो. लेखनसोबत्याला उत्तर ठाऊक नसते. कळले नाही की तो तसे सांगतो, आणि तेच त्याचे काम.

मराठीत याचा खरा पूर्वज शोधायचा तर १८४८ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' निघाली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यात होते. विद्यार्थी निबंध लिहून आणीत, सभेत वाचून दाखवीत आणि त्यावर चर्चा होई. इंग्रजीतल्या या उद्योगाला लवकरच मराठी आणि गुजराती शाखा फुटल्या. मराठी शाखा ती ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. १८४९ साली मुलींच्या शाळा काढून तिथे विनावेतन शिकवणारेही हेच तरुण, हा भाग सर्वांना माहीत आहे. निबंधवाचनाचा भाग आपण विसरतो. मराठी गद्य घडत होते त्या काळात ते बरोबरीच्या मुलांच्या कानांवरून जात होते. समोरचा जांभई देतो की प्रश्न विचारतो, हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळत होते.

सोबत्याशी बैठक कशी चालते, ते एका उदाहरणाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी खारेपाटातली, पेण-अलिबागच्या मधल्या खाडीकाठची, एक विद्यार्थिनी भूगोलाचा प्रकल्प घेऊन आमच्याकडच्या वाचनालयात बसली होती. विषय होता खारबंदिस्ती. पहिले वाक्य : 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' पुढची पाने झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार प्रकल्पावरून उतरवलेली. तिच्यासोबत वरच्या वर्गातली एक मुलगी होती. मी पेपर वाचण्याचे सोंग करून ऐकत होतो.

त्या दुसरीने पेन हातात घेतलेच नाही. "मोठ्यानं वाच," म्हणाली. चार ओळींत वाचणारीच अडखळली, कारण ती भाषा तिची नव्हती. मग प्रश्न : "तुमच्या बांधाला खांड गेली होती ना, तेव्हा काय झालं?" आणि मुलगी सुटली. उधाणाचे पाणी रात्री कसे शिरले, उघाडीची झडप का बसत नव्हती, खारे पाणी शेतात राहिले की भात पुढे किती दिवस रुसते, बाहेरकाठ्याची डागडुजी पूर्वी गाव मिळून कशी करी आणि आता कोण कोणाकडे बोट दाखवते. दहा मिनिटे. "यातलं कागदावर काय आहे?" सोबतीणीने विचारले. काहीच नव्हते.

सगळे मर्म यात आहे. मोठ्याने वाचायला लावायचे. आधी म्हणणे, मग मांडणी, आणि वाक्ये, वेलांट्या सर्वांत शेवटी. अर्धाएक तासात एक-दोन गोष्टींपलीकडे जायचे नाही आणि उठण्यापूर्वी पुढची पायरी लिहिणाऱ्यानेच ठरवायची. मदत घेणाऱ्यानेही प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न जसाच्या तसा आणावा, कच्चा मसुदा आणावा, अर्धा असला तरी चालेल, आणि 'हे बघ ना जरा' असे न म्हणता नेमके काय बघायचे ते सांगावे. सोबत्याने वाक्य लिहून दिले की बैठक बिघडली. ते वाक्य आणि झेरॉक्सच्या दुकानातले वाक्य यांत मग फरक उरत नाही.

किनाऱ्यावरच्या मुलांना याची गरज अधिक आहे, असे मला वाटते. घरात आगरी किंवा कोळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, पदवीला आल्यावर बरेचदा इंग्रजी. तीन उंबरठे. दर उंबरठ्यावर कोणीतरी हसलेले असते. तेव्हा मूल गप्प बसते आणि उतरवून काढते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. त्याच खाडीवरचा सोबती निदान 'खांड' म्हणजे काय, ते विचारणार नाही. अर्थात हीच अडचणही होऊ शकते : ज्याला सगळे ठाऊक आहे, तो स्पष्टीकरण मागत नाही. म्हणून मी म्हणेन, एक बैठक गावच्या सोबत्याबरोबर, दुसरी परगावच्या.

खर्चाचा प्रश्न निघतोच. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना कितीतरी महाविद्यालयांत चालते. रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय उरण तालुक्यात फुंड्यालाही आहे. बागकाम, ग्रंथालयातली कामे करून मुले ताशी मोबदला मिळवतात. त्याच तासांत दोन-तीन तास लेखनसोबत्याचे का नसावेत? एक टेबल, दोन खुर्च्या आणि शेजारी शब्दकोश, एवढीच सामग्री. सोबत्यांना आधी काही आठवडे एकमेकांचेच निबंध ऐकायला लावावेत. उत्तर तोंडावर आले असता गप्प राहणे शिकायला तेवढा वेळ लागतोच. मला तर अजून जमत नाही.

महिन्याभराने ती मुलगी पुन्हा वाचनालयात दिसली. प्रकल्प आता उधाणाच्या रात्रीपासून सुरू होत होता आणि कृषिप्रधान देश गळाला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्याच. 'उघाडी' या शब्दावर मात्र दोघींचा वाद चालला होता : तो तसाच ठेवायचा की 'जलनियंत्रक द्वार' लिहायचे? "तू काय म्हणतेस घरी?" सोबतीणीने विचारले. मुलीने 'उघाडी' ठेवला आणि खाली दोन ओळींत ती कशी चालते ते लिहिले : भरतीला पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते.