सेल्फ, सोलेनॉइड आणि अर्थ

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या शाळेच्या तांत्रिक विभागात कर्मशाळा शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा या पुस्तिकेत मी एखाद्या कवीविषयी किंवा संतवाङ्मयाविषयी लिहीन, अशी संयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु सरांकडून मी प्रत्यक्ष हाताने शिकलेले काम एकच. जुन्या ट्रकचा स्टार्टर बदलणे आणि त्याची वायर-जोडणी करणे, हे ते काम होय. त्याविषयीच येथे लिहितो. पुढे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे माझ्याहून अधिक ठाऊक असेल. त्यांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

गोष्ट 1984 सालची. माझा धाकटा भाऊ बेळगावहून भाजी भरून रामनगर-अनमोडमार्गे गोव्यात नेत असे. गाडी साठच्या दशकातली, लांब नाकाडाची, डिझेलवर चालणारी. त्या पावसाळ्यापूर्वी तिचा सेल्फ रुसला. बटण दाबले की ‘टक-टक-टक’ असा आवाज येई आणि इंजिन जागचे हलत नसे. मग गाडी रोज उतारावर उभी करायची, चाकाला दगड लावायचा आणि पहाटे क्लीनरने दगड काढून पळत पायरीवर चढायचे, असा क्रम सुरू झाला. एके पहाटे त्या पोराचा पाय चाकाखाली येता येता वाचला. भावाने दुसऱ्याच दिवशी उसने पैसे काढून नवा कोरा स्टार्टर आणला आणि एका गॅरेजात बसवून घेतला. आवाज तोच. टक-टक-टक. आई म्हणाली, ‘सरांना विचार.’ सर तेव्हा निवृत्त झाले होते.

पुढचे सांगण्यापूर्वी हे यंत्र करते काय, ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. त्यासाठी कोणीतरी बाहेरून इंजिन मिनिटाला शंभरएक फेरे तरी फिरविले पाहिजे. पूर्वी मोटारींना पुढून लोखंडी हँडल मारीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट किंवा अंगठा मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि 1912च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविला गेला. एवढे जड इंजिन फिरविण्यास मोटारही तेवढीच मोठी लागेल, असे तज्ज्ञ म्हणत. केटरिंगने त्याआधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनविली होती. जिला क्षणभरच काम करायचे आहे, ती मोटर लहान असूनही भरपूर जोर लावू शकते, हे त्याला त्यातून उमगले होते. आजही दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सलग सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे, असे सांगतात ते याचसाठी. ही मोटर क्षणभराच्या कामापुरतीच घडविलेली असते. त्याहून अधिक राबविली की ती आतून जळते.

स्टार्टरच्या टोकाला लहान दातेरी चाक असते; ते फ्लायव्हीलच्या मोठ्या रिंगमध्ये अडकते. रिंगला दाते दहा-पंधरा पट अधिक, म्हणून लहान मोटरीचा जोर तितका वाढतो. हे चाक पुढे ढकलण्याचे आणि त्याच वेळी बॅटरीचा जाड प्रवाह मोटरीत सोडण्याचे काम तिच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड करतो. त्याला दोन जाड बोल्ट आणि एक बारीक टोक असते. बॅटरीची जाड केबल एका बोल्टवर येते. जर्मन पद्धतीच्या यंत्रांवर तेथे 30 हा आकडा कोरलेला असतो. बटणाची बारीक वायर 50 आकड्याच्या टोकावर येते. दुसऱ्या जाड बोल्टवरून मोटरीत प्रवाह जातो.

सोलेनॉइडच्या आत वेटोळी दोन असतात, एक ओढणारे आणि एक धरून ठेवणारे. ओढणाऱ्याची परतीची वाट मोटरीतूनच जाते. दांडा ओढला गेला, आतली जाड तबकडी दोन्ही बोल्टांना टेकली, की त्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब मिळतो आणि ते आपोआप निवांत होते. मग धरणारे वेटोळे एकटेच थोडक्या विजेवर दांडा धरून ठेवते. आता ‘टक-टक’चा उलगडा होतो. तबकडी टेकताच मोटर प्रचंड वीज मागते. ती देणारी वाट अशक्त असेल तर दाब कोसळतो, धरणारे वेटोळे दांडा सोडते. मोटर तुटताच दाब पुन्हा वर येतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. म्हणजे हा आवाज सोलेनॉइड जिवंत असल्याची खूण होय! दोष बहुधा बॅटरीत किंवा वाटेत असतो. एकदाच ‘खट्’ होऊन शांतता पसरली तर तबकडी जळालेली किंवा मोटरीचे कार्बन झिजलेले असण्याचा संभव अधिक. काहीच आवाज नसेल तर आधी बारीक वायर आणि बटण पाहावे.

सर आले. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. भावाला विचारले, ‘अरे, सेल मारताना दुसरं काही तापतंय काय बघ की.’ भाऊ म्हणाला, ‘सर, इंजिन बंद करायची स्टॉपची तार तापते. परवा तिच्यातून धूर आला.’ सर हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘प्राध्यापक, तुमच्या गाडीला अर्थच नाही!’

मला वाटले, गंमत करताहेत. पण गॅरेजात ‘अर्थ’ म्हणजे परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक चॅसीला जोडलेले असते. इंजिन मात्र रबरी गाद्यांवर बसलेले, म्हणजे विजेच्या दृष्टीने चॅसीपासून तुटलेले. त्या दोघांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी काही महिन्यांपूर्वी क्लच-प्लेटच्या कामात काढली गेली आणि पुन्हा लागलीच नव्हती. मग शेकडो अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे स्टॉपच्या बारीक तारेने, घरी परतू पाहत होता.

सरांनी झोळीतून शाळेतल्यासारखा जुना व्होल्टमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे स्टार्टरच्या अंगावर. भावाने बटण दाबले. काटा पाच व्होल्टांवर गेला. 12 पैकी पाच परतीच्या वाटेतच संपत होते. तेथे फार तर पाव व्होल्ट दिसावा. (24 व्होल्टच्या गाडीत याच्या दुप्पट चालेल.) हिशेब सोपा आहे. 400 अँपिअरचा प्रवाह असेल तर एका ओहमचा शंभरावा भागसुद्धा चार व्होल्ट खातो. एवढा अडथळा निर्माण होण्यास बोल्टाखालचा थोडा गंज पुरतो. दिव्यांना तो जाणवतही नाही, कारण त्यांची मागणी नखाएवढी. दिवे लखलखतात म्हणून बॅटरी आणि वायरी ठीक, हा आमचा समज तेथे कोलमडला.

पट्टी आली. पण सरांनी नवा स्टार्टरही उतरवायला लावला आणि ते काम माझ्याकडून करविले. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडायचे. कारण धन टोक आधी सोडताना पाना चॅसीला टेकला तर तो तेथेच लाल होतो. जोडताना ऋण टोक शेवटी. (काही जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक चॅसीला असे, तेथे नियम चॅसीच्या टोकाला लावायचा, रंगाला नव्हे.) मग वायरींना खुणेच्या चिंध्या बांधायच्या. यंत्र पंधरा-वीस किलोंचे. शेवटचा बोल्ट काढताना खालून आधार हवाच. माझ्या छातीवर ते जवळजवळ आलेच होते. उतरविल्यावर दिसले की बसण्याच्या तोंडावर जाड रंग तसाच होता. स्टार्टरच्या प्रवाहाची परत त्याच्या अंगातूनच होते, म्हणून तेथे चकचकीत धातू धातूला टेकला पाहिजे. मी पॉलिश-कागदाने अर्धा तास घासले.

तेवढ्यात सरांनी उघड्या भोकातून रिंगचे दाते पाहिले आणि भावाकडून इंजिन हळूहळू फिरवून घेतले. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबामुळे ठरावीक तीन जागांच्या आसपासच थांबते; म्हणून दाते त्या तीन जागी आधी झिजतात. आमचे अजून बरे होते. झिजलेल्या रिंगवर नवा स्टार्टर चढविणे म्हणजे नव्या दातांचाही नाश, असे त्यांचे म्हणणे. केबलींची टोके घासून, नट घट्ट करून, जाड केबल एक्झॉस्टपासून आणि हलत्या दांड्यांपासून दूर बांधली. शेवटी ऋण टोक. बटण दाबताच इंजिन एका दमात उठले.

जुना स्टार्टर सरांनी घरी नेऊन उघडला. त्यात कार्बन बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. भावाने तो पोत्यात गुंडाळून सीटमागे ठेवला. उसन्या पैशांचे हप्ते दिवाळीपर्यंत चालले आणि क्लीनरने चाकाचा दगड उचलून परड्यात नेऊन टाकला. 1993 साली गाडी विकली, तेव्हा इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये पट्ट्या दोन होत्या. दुसरी, पहिलीच्या समोरच्या अंगाला, सरांनी त्याच दुपारी जादा म्हणून लावली होती.