महिन्याच्या किराण्यात डाळ का कापू नये? नाशिकच्या बाजारातलं साधं गणित

पैसे कमी पडले की किराण्याच्या यादीला कात्री लागते. साखर, चहा, तेल राहतं. दोन किलो डाळीची एक किलो होते आणि मटकी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून खोडली जाते. पोळी-भाताने पोट भरतं, म्हणून काही चुकलंय हे कळतही नाही.

खरं तर पोळी-भाताचा खर्चच आधी कमी करता येतो. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो, तर अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळतं. सुरगाणा, पेठहून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेले अनेक जण ‘कार्ड गावाकडचं आहे’ म्हणून नाशिकमध्ये धान्य विकत घेतात. त्याची गरज नाही. कार्ड आधारला जोडलेलं असेल तर शहरातल्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. काही वाटा गावी, काही इथे, असंही चालतं.

पण ५ किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. त्यातून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम लागतात. उरलेली कुठून आणायची? ४० ग्रॅम मटकीची उसळ ९ ग्रॅम देते, ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण ६-७, मूठभर शेंगदाणे ६ आणि एक अंडं ६. बेरीज ४३ च्या आसपास जाते. वर एक बाजरीची भाकरी खाल्ली की झालं.

आता पैसे. समजा मटकी आणि तूरडाळ १२० रुपये किलो, शेंगदाणे १४०, अंडं ७ रुपये. हे सगळं रोज माणशी १९ रुपयांना पडतं, म्हणजे चौघांचे महिन्याला सुमारे २,२७० रुपये. अंडं रोजऐवजी आठवड्यातून दोनदा केलं तर १,७०० च्या आत, मात्र तेवढी एखादी भाकरी किंवा डाळ वाढवावी लागेल. अंडं पूर्ण बंद करू नये, कारण बी-१२ जीवनसत्त्व डाळीत नसतं. पनीर ४०० रुपये किलो धरलं तर त्यातली १० ग्रॅम प्रथिनं २२ रुपयांना पडतात. मटकीतली साडेपाच रुपयांना!

मिसळीच्या गावात मटकीचं कौतुक वेगळं सांगायला नको. फक्त रोजच्या उसळीवर तर्री आणि फरसाण नको. मोड आणल्याने प्रथिनं वाढतात हा मात्र गैरसमज आहे. वाटी भरलेली दिसते ती पाण्यामुळे. क जीवनसत्त्व वाढतं, पचन सोपं होतं. वरून लिंबू पिळलं तर लोहही जास्त अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच कमी होतं.

दूध परवडत नसेल तर नागलीकडे बघा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात ती पिकते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट.

भाजीसाठी गोदाकाठचा बुधवारचा बाजार आहेच. हिवाळ्यात आवक वाढली की मेथी-पालकाचे भाव पडतात, तेव्हा पालेभाजी रोज करावी. आणि संध्याकाळी उशिरा जावं, विक्रेत्यालाही उरलेल्या जुड्या परत न्यायच्या नसतात.