कुत्र्याच्या घशात हाडूक

पिसाळलेला कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. तोंडाला फेस, तांबारलेले डोळे, दिसेल त्याला चावत सुटलेला. हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. रेबीजची दुसरी तऱ्हा मूक असते. कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळत राहते. खाणं तोंडात घेतो, पण गिळता येत नाही. आवाज घोगरा होतो. तो कुणाच्या अंगावर जात नाही. असा कुत्रा पाहिला की मायेचा माणूस म्हणतो, "बिचाऱ्याच्या घशात हाडूक अडकलंय," आणि जबडा फाकवून हात आत घालतो.

भिवंडीत मी गेली वीसेक वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. या एका वाक्याची मला जितकी धास्ती वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. इथे हाडकाची शंका येणं स्वाभाविकही आहे. गल्लोगल्ली मटणाची दुकानं आणि खानावळी. शिवाय यंत्रमाग कारखान्यांच्या दारात रात्रपाळीच्या कामगारांनी उरल्यासुरल्या रोटी-रश्शावर वाढवलेली कुत्री. त्यांना मालक नसतो, पण माया करणारे दहाजण असतात. कुत्रं आजारी पडलं की तेच त्याला रिक्षात घालून आणतात.

खरोखरीच हाडूक अडकलेली कुत्रीही येतात. कुणाच्या टाळूला दाढांच्या मध्ये तुकडा आडवा बसलेला असतो, कुणाच्या खालच्या जबड्यात नळीच्या हाडाचं कडं सुळ्यांमागे जाऊन रुतलेलं असतं. पण त्या कुत्र्याची तऱ्हा निराळी. त्रास खाता-खाता एकाएकी सुरू होतो. तो पंजाने तोंड खरडतो, अस्वस्थ फिरतो, तरी हाक मारली की शेपूट हलवतो. रेबीजमध्ये बहुधा आधीचे दोन-तीन दिवस काहीतरी बिनसलेलं असतं. कुत्रा अंधारात लपतो, ओळखीच्या माणसाला टाळतो, लाकूड-माती चघळतो. मग जबडा सैल पडतो आणि चालताना मागचे पाय लटपटतात. अर्थात, डिस्टेंपरमध्येही लाळ गळते, झटके येतात आणि चाल बिघडते. त्यामुळे हा निवाडा घरच्याघरी करू नये. कुत्र्याला खोलीत बंद करावं, तोंडाला हात लावू नये, डॉक्टरला बोलवावं. मांजराच्या बाबतीत तर जास्तच जपावं. ते कपाटामागे दडून बसतं आणि कसलीही सूचना न देता झडप घालतं.

दुसरा घातक समज पाण्याचा. "पाणी पितोय ना, मग पिसाळलेला नाही," असं सुशिक्षित माणसंही सांगतात. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. घोट घेताना घशाचे स्नायू आवळतात म्हणून ती वाटते. कुत्रा पाण्याला भीत नाही, उलट भांड्यात तोंड बुडवून बसतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात हा भेद दिसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. पिसाळलेल्या जनावराची शेपटी, जबडा आणि खांदे लोंबतात, लाळ गळते, असं वर्णन तिथे आहे. आणि जलत्रास सांगितला आहे तो चावलेल्या माणसाचा.

चावा घेतलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात, त्यामागे विषाणूचा प्रवास आहे. तो जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. याला आठवडे, कधी महिने लागतात. मेंदूत पोचल्यावरच तो लाळेत उतरतो आणि तिथून पुढे कुत्रा फार दिवस काढत नाही. म्हणून चावल्यापासून दहा दिवस धडधाकट राहिलेल्या कुत्र्याच्या लाळेत त्या दिवशी विषाणू नव्हता, असं धरतात. पण माणसाने लशीसाठी हे दहा दिवस थांबायचं नसतं. लस लगेच सुरू करायची.

तीन वर्षांपूर्वी चार मागकामगारांनी एक तांबडी कुत्री आणली. कारखान्यातली पक्कड घालून एकाने 'हाडूक' शोधलं होतं, त्यात त्याची बोटं दातांनी खरचटली होती. कुत्री तिसऱ्या दिवशी मेली. मेंदूचा नमुना तपासला, तर रेबीज. खरचटलेला माणूस सांगत होता की कुत्री चावलीच नाही, मग सुई कशाला? चावा लागतच नाही. लाळ ओरखड्यात, डोळ्यांत किंवा तोंडात गेली तरी पुरते. अंगावरच्या धड कातडीवर लाळ लागली तर मात्र धोका नाही. त्याने चुना-मिरची लावली होती, ती धुऊन काढायला लावली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं हा पहिला उपचार; साबणाने विषाणूचं वरचं आवरणच फुटतं. मग सरकारी रुग्णालयात लस : ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडाच्या कातडीत. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, पण त्यांच्या भीतीने आजही माणसं दवाखाना टाळतात. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं, कारण लशीची ताकद तयार व्हायला आठवडाभर जातो. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

या भीतीपोटी कुत्री मारण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारचे शिपाई मुंबईत बक्षिसासाठी कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि कोटातले व्यवहार बंद पडले. कुत्री मारून रेबीज आटोक्यात येत नाही. मोकळ्या जागेत शेजारची, लस न टोचलेली कुत्री येतात. शेजारच्या गोव्याने दुसरा मार्ग धरला. गेल्या दशकात तिथे जाळी घेऊन गावोगाव फिरत भटक्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली गेली आणि माणसांतले रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असा जगभरचा हिशेब आहे.

त्या कारखान्यातल्या उरलेल्या नऊ कुत्र्यांना त्याच आठवड्यात लस टोचली. पकडायला कामगारच आले, कारण ती कुत्री त्यांच्याच हाकेला येत होती. पक्कडवाल्याचा चौथा डोसही वेळेवर झाला. त्या दिवशी त्याने पाळी बदलून घेतली होती.