कृष्णेच्या दुसऱ्या टोकाची झाडं

मुलांनो, कृष्णा नदी कुठून निघते असं विचारलं, तर तुम्ही सगळे एका सुरात ‘महाबळेश्वर!’ म्हणाल. सातारा-सांगलीतलं पोर आणि त्याला हे माहीत नाही, असं व्हायचंच नाही. वाई, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूरला येऊन मिळणारी वारणा, ही नावंही तुम्ही घडाघडा सांगाल. पण चौथीच्या वर्गात मी पुढचा प्रश्न विचारते, ‘आणि ती संपते कुठं?’ की वर्ग एकदम चिडीचूप! मग एखादा धीट मुलगा हळूच म्हणतो, ‘कर्नाटकात, बाई.’

नाही हं. गंमत अशी आहे, की महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. पण कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटरची वाट तुडवत थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आंध्र प्रदेशात हंसलदीवी नावाचं गाव आहे, तिथं. या सगळ्या वाटेवर आपल्या रानातली माती तिच्या पाण्यात असते. समुद्राजवळ पोचल्यावर नदीचा वेग मंदावतो, तिच्या फांद्या फुटतात आणि हातातलं ओझं खाली ठेवावं तशी ती माती तिथं टाकते. अशी हजारो वर्षं साठलेली जमीन म्हणजे त्रिभुज प्रदेश. भूगोलात हा शब्द तुम्ही पाठ केलेला आहे, पण त्यात वाई-कऱ्हाडची मातीही आहे, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आणि त्या चिखलात, चक्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात, झाडं उभी असतात!

यात नवल ते काय, असं वाटलं तर घरी एक प्रयोग करा. दोन वाट्यांत मूठमूठ मटकी भिजत घाला. एकीत साधं पाणी, दुसरीत चार चमचे मीठ विरघळवलेलं पाणी. दोन दिवसांनी पाहा. साध्या पाण्यातल्या मटकीला मोड येतील, खाऱ्या पाण्यातली तशीच बसेल. वाळवा, पलूस, मिरज या भागांतल्या मुलांना तर प्रयोगाचीही गरज नाही. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन क्षारपड झालेलं रान त्यांनी पाहिलेलंच असतं. वर पांढरा थर, आणि पेरलेलं काही उगवत नाही. मीठ हा मुळांचा वैरीच.

मग ही खारफुटीची झाडं कशी जगतात? प्रत्येकाची युक्ती वेगळी आहे. ‘तिवर’ नावाचं झाड मीठ पाण्याबरोबर आत घेतं आणि पानांवाटे बाहेर टाकतं. त्याचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर डोकं काढतात. झाडाभोवती कुणीतरी शेकडो पेन्सिली उभ्या रोवल्यात असं दिसतं. ही त्याची नाकंच, बरं का! ‘कांदळ’ आपल्या खोडापासून कमानीसारखी मुळं सोडतो आणि चिखलात पाय रोवून उभा राहतो. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब होऊन लोंबतं आणि ओहोटीच्या वेळी पडलं तर खालच्या चिखलात उभंच रुततं. भरतीच्या वेळी पडलं तर तरंगत दुसऱ्या गावी जातं. आणि ‘चिपी’! हिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांतला मध प्यायला येतात. ही पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. राज्यफूल ताम्हण आणि राज्यप्राणी शेकरू तुम्हाला पाठ असतात, त्यांच्या यादीत चिपीचंही नाव घाला.

आता मुख्य गोष्ट. ही झाडं नुसती गमतीची नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. लहान असाल तर घरी विचारा. शाळेच्या खोल्यांत राहिलेली माणसं, पत्र्यावर बसलेली कुत्री, आठ-आठ दिवस न उतरणारं पाणी. आपल्याकडे पूर येतो तो वरून, धरणाच्या आणि पावसाच्या बाजूनं, आणि हळूहळू चढतो. किनाऱ्यावरच्या गावांत पाणी समोरून येतं. चक्रीवादळ समुद्राचं पाणी फुगवून जमिनीवर ढकलतं, आणि ते चढायला दिवस घेत नाही. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवीसीमा भागावर असंच उधाण आलं. पाण्याची भिंतच म्हणा ना. सरकारी मोजणीनुसार सुमारे दहा हजार माणसं गेली. आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला घडलेली ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

समुद्र आता आणखी वर येतो आहे. पृथ्वीभोवतीची हवा तापली, तसा समुद्रही तापला. तापलं की पाणी फुगतं, शिवाय डोंगरांवरचा आणि ध्रुवांवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडी जास्तच. पट्टीएवढ्या पाण्यानं काय होतं, असं वाटेल. पण उधाण त्या पट्टीच्या डोक्यावर उभं राहून येतं, आणि ज्या बांधावरून पूर्वी पाणी जात नव्हतं त्यावरून जाऊ लागतं. तापलेल्या समुद्रावर वादळंही जोर धरतात. पूर्वी कोकणच्या बाजूला मोठी वादळं क्वचित यायची. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ रायगडावर येऊन धडकलं आणि पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत गेलं.

अशा वेळी खारफुटी काय करते? पाण्याचा जोर मोडते. गर्दीतून पळत जाऊन पाहा, चार जणांना अडखळलात की वेग संपतो. लाटेचंही तसंच होतं, हजारो खोडांत आणि मुळांत अडखळून ती दमते. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं. नंतर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या दोन अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांची तुलना केली. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असं त्यांना आढळलं. २००९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती मला फार आवडते. झाडांनी जेवढे जीव वाचवले, त्याहून जास्त जीव वेळेवर दिलेल्या धोक्याच्या सूचनेनं वाचवले. म्हणजे झाडं लावली आणि भोंगा बंद केला, असं चालणार नाही.

दूरच्या व्हिएतनाम देशात लोकांनी किनाऱ्याला मातीचे लांबच लांब बांध घातले आहेत, आपल्या कोकणातल्या खारबंधाऱ्यांसारखे. समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून. दर वादळात ते फुटायचे. १९९४ पासून तिथल्या रेडक्रॉसनं बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला खारफुटी लावायला घेतली. आधी झाडं मार खातात, मग बांध. बांध वाचला तर भात वाचतं, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढच्या हंगामातही पीक नीट येत नाही. क्षारपडवाल्या गावातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे की! वृक्षारोपण करायचं, फोटो काढायचा. नाही, मुलांनो, इथंच मेख आहे. फिलिपाईन्समध्ये वर्षानुवर्षं रोपं लावली गेली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांतली बहुतेक मेली, कारण ती चुकीच्या जागी, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात खोचली होती. खारफुटीला भरती लागते, तशी ओहोटीही लागते.

तमिळनाडूत चिदंबरमजवळ पिचावरम नावाची जागा आहे. तिथली गोष्ट ऐका. इंग्रजांच्या काळात तिथली खारफुटी पट्ट्यापट्ट्यानं तोडली गेली. उघडा पडलेला चिखल उन्हानं वाळला, खचला आणि जमीन बशीसारखी खोलगट झाली. भरतीचं पाणी बशीत यायचं, पण ओहोटीला बाहेर पडायचं नाही. ऊन त्याची वाफ करायचं, मीठ मागं राहायचं. शेवटी मीठ इतकं वाढलं, की मिठात जगणारी झाडंसुद्धा तिथं उगवेनात! आता सांगा, ही कुठली गोष्ट झाली? आपल्या क्षारपड रानाचीच ना? आपल्याकडचे शेतकरी काय करतात? चर खणतात, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकतात, पाण्याचा निचरा करतात. एम. एस. स्वामिनाथन यांच्या चेन्नईच्या संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात तेच केलं. एक मोठा चर खाडीपर्यंत, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके लहान चर. वरून पाहिलं तर माशाचा काटाच! त्या काट्यातून भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं, मीठ धुऊन गेलं आणि मग लावलेली रोपं तगली. हीच रीत पुढं आपल्या कृष्णेच्या मुखाशीही वापरली गेली. गावकऱ्यांना बरोबर घेऊन, कारण चरात गाळ साचतो आणि तो दरवर्षी काढावा लागतो. ते काम शहरातला शास्त्रज्ञ रोज येऊन थोडंच करणार?

आणि गावकऱ्यानं ते का करावं? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कृष्णेच्या मुखाशी यानादी नावाचे आदिवासी खारफुटीत मासे आणि खेकडे धरून जगतात. ज्याला चूल पेटवायला सरपण हवं, त्याला ‘झाड तोडू नकोस, पन्नास वर्षांनी वादळ आलं तर उपयोगी पडेल’ असं सांगून भागत नाही. झाड उभं राहिलं तर आजच्या भाकरीला काय, हे त्याला दिसायला हवं.

आपल्या सिंधुदुर्गात ते थोडंफार दिसू लागलं आहे. महाराष्ट्राच्या वनविभागानं २०१२ मध्ये खास कांदळवन कक्ष सुरू केला आणि २०१७ मध्ये कांदळवनावर उपजीविकेची योजना आणली. खाडीकाठचे बचत गट खारफुटीतच जाळीचं कुंपण घालून त्यात खेकड्यांची पिल्लं सोडतात, त्यांना हलके मासे खायला घालतात आणि काही महिन्यांनी मोठे झालेले खेकडे विकतात. कुणी कालवं वाढवतं. थांबा, हसू नका! आपल्याकडे कालवा म्हटलं की आरफळचा नाहीतर ताकारीचा, पाणी आणणारा. कोकणात कालवं म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपल्यातले जीव, आणि त्यांचं कालवण फक्कड होतं म्हणतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना खारफुटी दाखवतात आणि झाडांची नावं सांगतात. ज्यांच्या होडीचं भाडं झाडांवर अवलंबून आहे, त्या कुणाला कोयता घेऊन आत शिरू देतील का? २०१९ पासून हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीनं महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तिन्ही किनाऱ्यांवर हे काम वाढवायला घेतलं आहे. सगळं छान झालंय, असं मात्र समजू नका. खेकड्यांची पिल्लं मिळणं, भाव मिळणं, खाडीत येणारी घाण, अडचणी पुष्कळ आहेत. शिवाय कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर, अलमट्टी अशी मोठी धरणं झाल्यापासून बराचसा गाळ धरणांतच बसतो. मुखाशी नवी माती कमी पोचते आणि तिथला किनारा झिजतो. त्यावर झाडांकडे पुरतं उत्तर नाही.

आता साताऱ्याच्या मुलांना एक गुपित सांगते. तुमचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं! पाटण तालुक्यात पडलेला पाऊस कोयना धरणात साठतो. त्यातलं दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळीच्या बाजूला वीज करतात, आणि तेच पाणी मग वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतं. वाशिष्ठीच्या खाडीतही खारफुटी आहे. म्हणजे खारफुटी पाहायला हंसलदीवीपर्यंत जायला नको. सुट्टीत आई-बाबांना सांगा, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. तिथून खाडीच्या बाजूला चला आणि गावातल्या कुणा जाणत्या माणसाला बरोबर घ्या. एकटे चिखलात उतरू नका. मगरी काही आपल्या औदुंबर-भिलवडीच्या पाण्यातच असतात असं नाही, वाशिष्ठीतही आहेत. पान चाखायचं तर तेही तिवराचंच आहे ना, हे त्या जाणत्याला विचारूनच. खारफुटीतल्या हुरा नावाच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. आणि ओहोटीची वेळ आधी विचारून निघा. भरतीला पोचलात तर त्या पेन्सिली दिसायच्या नाहीत, पाण्यावर नुसते हिरवे शेंडे तेवढे दिसतील.