संहिता-फाइलींचे विभाजन

संगणकातील सलग मजकुराची मोठी फाइल, ती संपादनासाठी न उघडता, टंकलिखित आज्ञेने अनेक लहान फाइलींत विभागण्याची क्रिया. युनिक्स या परिचालन प्रणालीत त्यासाठी ‘स्प्लिट’ व ‘सी-स्प्लिट’ या आज्ञा आहेत. पहिली १९७३ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली. दुसरी त्याच दशकात ‘प्रोग्रॅमर्स वर्कबेंच’ या युनिक्सच्या शाखेत समाविष्ट झाली.

‘स्प्लिट’ मजकुराच्या आशयाकडे पाहत नाही. वेगळी सूचना नसल्यास ती दर १,००० ओळींचा एक तुकडा करते. सूचना दिल्यास ठरावीक बाइटांचेही तुकडे पाडते. ग्रंथाचे अध्याय वा कोशातील नोंदी सुट्या करण्यास ती निरुपयोगी होय. ‘सी-स्प्लिट’मधील ‘सी’ हे संदर्भवाचक इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. दोन तिरप्या रेषांमध्ये दिलेला आकृतिबंध ज्या ओळीत आढळतो, त्या ओळीच्या आधी ती छेद घेते व ती ओळ पुढील भागाची पहिली ओळ ठरते. ठाणे तालुक्यातील गावांच्या माहितीत प्रत्येक नोंद ‘गाव :’ या शब्दाने सुरू होत असेल, तर घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे यांच्या नोंदी एकाच आज्ञेने वेगळ्या होतात. पहिल्या छेदानंतर तो आणखी किती वेळा घ्यावयाचा, ती संख्या महिरपी कंसात देतात. ग्नू आवृत्तीत तेथे तारांकन दिल्यास फाइल संपेपर्यंत छेद घेतले जातात. सांगितलेल्या संख्येइतक्या ओळी न आढळल्यास आज्ञा आपणच निर्माण केलेले सर्व भाग पुसून टाकते. ते राखावयाचे असल्यास तसा पर्याय आरंभीच द्यावा लागतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक असते. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. ‘बोनकोडे’ या शब्दात व्यंजने व स्वरचिन्हे मिळून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. दहाव्या बाइटानंतर छेद पडल्यास ‘क’चा एक बाइट पहिल्या फाइलीत व उरलेले दोन दुसऱ्या फाइलीत जातात आणि दोन्हीकडे अक्षर वाचता येत नाही. बाराव्या बाइटानंतर छेद घेतल्यास ‘क’ शाबूत राहतो, पण त्याचा ओकार तुटतो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात बहुतेक चिन्हांना एकच बाइट लागत असल्याने यांपैकी पहिला दोष सहसा उद्‌भवत नसे.

आकृतिबंधाची अडचण निराळी आहे. ‘किनाऱ्या’तील अर्धा र दोन प्रकारे संकेतित करता येतो, दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसली, तरी आज्ञेला ती भिन्न असतात व एक शीर्षक नकळत वगळले जाते. अशा वेळी दोन नोंदी एकाच फाइलीत राहतात.

तपासणीसाठी सर्व भाग ‘कॅट’ आज्ञेने क्रमाने जोडून मूळ फाइलीशी ताडून पाहण्याची रीत आहे. तिने गहाळ मजकूर उघड होतो. मात्र मध्येच तुटलेले अक्षर जोडणीत पुन्हा सांधले जात असल्याने तो दोष या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक भागाचे संकेतन स्वतंत्रपणे तपासावे लागते.