म्युऑनचा हिशेब अजून का जुळत नाही?

७ एप्रिल २०२१ ची बातमी आपल्यापैकी काहींना आठवत असेल. भौतिकशास्त्राचे नियम कदाचित बदलावे लागतील, असे मथळे तेव्हा झळकले होते. मी बडोद्यात बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे ‘पुढे त्याचे काय झाले?’ असे मंडळातले लोक मला अधूनमधून विचारतात. त्याचे हे उत्तर.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. वजन सुमारे २०७ पट. वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार झालेले म्युऑन आत्ताही तुमच्या-आमच्या अंगातून आरपार जात आहेत. प्रत्येक म्युऑन एक इवलासा चुंबक असतो. डिरॅकच्या समीकरणानुसार या चुंबकत्वाचा आकडा बरोबर २ यायला हवा, पण तो सुमारे २.००२३३ येतो. कारण पोकळी खरी रिकामी नसते. तिथे कण क्षणभर उमटतात, विरतात आणि म्युऑनला किंचित ढळवतात. एखादा अज्ञात कण असेल तर त्याचीही खूण इथेच सापडेल.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबने हा आकडा मोजला आणि तो भाकितापेक्षा जास्त निघाला. मथळे त्याचेच होते.

पण भाकीत आले कुठून? त्यातला क्वार्कांचा वाटा कागदावर मांडून काढता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवतात आणि कोणत्या ऊर्जेला किती पायॉन निघतात ते मोजतात. या वाट्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकट्या पायॉन-जोडीतून येतो. मोजणीत एखाद्या टक्क्याचा फरक पडला तरी निष्कर्ष बदलतो.

इटलीतील फ्रास्काती आणि कॅलिफोर्नियातील ‘बाबार’ यांच्या मोजण्यांत आधीपासूनच थोडा फरक होता. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्कच्या ‘सीएमडी-३’ गटाने आपली मोजणी जाहीर केली. ती सर्वांपेक्षा जास्त होती, त्याच संस्थेच्या आधीच्या ‘सीएमडी-२’ पेक्षाही. ती धरली तर भाकीत आणि प्रयोग यांतली दरी जवळजवळ बुजते. प्रयोगवहीतले उत्तर शेजारच्या गटाशी जुळले नाही की मुलांचा हात आधी खोडरबराकडे जातो. या गटाने मात्र आपल्याच घरच्या जुन्या आकड्याविरुद्ध जाणारा आकडा जगापुढे ठेवला आणि तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. मला या साऱ्या प्रकरणात हेच सर्वांत मोलाचे वाटते.

दुसरी वाट महासंगणकाची. बुडापेस्ट, मार्से आणि वुपरटाल या शहरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाचे गणित योगायोगाने २०२१ च्या त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. तेही प्रयोगाच्या जवळ जाणारे होते.

मे २०२५ मध्ये सैद्धांतिकांनी, टकरींचे आकडे आपसांत जुळत नाहीत म्हणून, भाकितासाठी महासंगणकाचा आधार घेतला. ३ जूनला फर्मीलॅबचा अंतिम आकडा आला, त्यातली अनिश्चितता अब्जात १२७ भाग. आता दोन्ही जुळतात. मात्र भाकिताची अनिश्चितता प्रयोगाच्या सुमारे चौपट आहे.

म्हणजे नवा कण सापडला नाही, आणि तो नाहीच असेही ठरले नाही. आधी पायॉन मोजणाऱ्यांचे आपसातले कोडे सुटायला हवे. त्यासाठी ठिकठिकाणी नव्याने मोजणी चालू आहे.