इंग्रजी शब्दांची कुळकथा : फेदर

इंग्रजीतील ‘फेदर’ या नामाचा मूळ अर्थ पक्ष्याच्या अंगावरील पीस एवढाच असला, तरी भाषाशास्त्रज्ञ ज्या प्राचीन धातूपासून तो निघाल्याचे मानतात त्याचा अर्थ उडणे असा असून, संस्कृतातील पत् हा धातू आणि पंख या अर्थाचा पतत्र हा शब्द त्याच कुळातले आहेत. या नामाभोवती जमलेले बरेचसे वाक्प्रचार मराठी वाचकाला परके वाटू नयेत. टोपीत खोवलेले फेदर म्हणजे आपल्याकडचा शिरपेचातील तुरा, एकाच फेदरचे पक्षी म्हणजे एकाच माळेचे मणी. आणि पक्षी घरट्याला आतून मऊ पिसांचे अस्तर लावतात त्यावरून, अधिकारपदाचा लाभ उठवून आपल्या घरट्यात फेदर भरणे म्हणजे स्वतःची तुंबडी भरणे.

पांढऱ्या फेदरची गोष्ट वेगळी आहे. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरे पीस दिसले की तो अस्सल जातीचा नाही आणि ऐन झुंजीत कच खाणार, असा इंग्लंडमधील कोंबडे झुंजवणाऱ्यांचा समज होता व त्यावरून ‘पांढरे फेदर दाखवणे’ म्हणजे भ्याडपणा करणे हा अर्थ रूढ झाला. पहिले महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड या निवृत्त अ‍ॅडमिरलने फोकस्टन येथे तीस स्त्रियांना एकत्र करून, गणवेशात नसलेल्या तरुणांच्या हाती भर रस्त्यात पांढरी पिसे ठेवण्याची मोहीम सुरू केली. ती पाहता पाहता देशभर पसरली आणि रजेवर आलेले सैनिक, इतकेच नव्हे तर जखमी होऊन सेवामुक्त झालेले जवानही तिच्या तडाख्यातून सुटले नाहीत. अशा जवानांना साध्या कपड्यांवर लावता यावा म्हणून सरकारने १९१६ मध्ये चांदीचा बिल्ला काढला. रणांगणावर रक्त सांडून परतलेल्यांनाच भ्याड ठरवणारी ही प्रथा क्रूर होती, यात शंका नाही.

क्रियापद म्हणून हा शब्द यंत्रविद्येत शिरला तो नौकानयनातून. वल्हे पाण्याबाहेर येताच मनगट वळवून त्याचे पाते आडवे करणे, जेणेकरून ते पुन्हा टाकण्यासाठी नेताना वाऱ्याचा अवरोध कमी व्हावा, याला फेदर करणे म्हणतात. उड्डाणात इंजिन बंद पडल्यास त्याच्या पंख्याची पातीही अशीच वळवून त्यांची कड समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे केली जाते, कारण तसे न केल्यास पंखा वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे ओढतो. संकटातील हा उपाय चुकीच्या वेळी घडला तर काय होते, हे १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे दिसले: उतरण्यापूर्वी पंखांवरील फ्लॅप वाढवण्याचा दांडा ओढण्याऐवजी शेजारचे दोन दांडे ओढले गेले, दोन्ही पंखे फेदर झाले आणि इंजिने चालू असूनही विमानाला पुढे नेणारा जोर नाहीसा होऊन ७२ जणांचा अंत झाला.

पिसाची कड विरळ होत जाते, या गुणावरून आलेला अर्थ मराठी मुलखात रोजच्या वापरात आहे. केशकर्तनालयातला फेदर कट त्यातलाच. आणि छायाचित्रातील आकृती कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवताना, तिची कड हळूहळू पुसट करणाऱ्या आज्ञेला संगणकावर मांडणी करणारे कारागीर फेदरच म्हणतात.